तिसऱ्या बटणापर्यंत पाणी

गावाबाहेर समुद्राकाठी सहलीची राखीव जागा आहे. तिच्या फाटकाशी एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीत बसून मी एकोणतीस वर्षं तिकिटं फाडतो आहे. दोन महिन्यांनी निवृत्त होईन. खिडकी ज्यानं बांधली त्यानं आत माझ्यासारखा सहा फुटी उंट बसेल अशी कल्पना केली नसावी, कारण मी खुर्चीत ताठ बसलो की बाहेरच्या माणसाचं तोंड मला दिसत नाही. दिसतं ते पोट आणि आत येणारा हात. त्यामुळे माणसं मी हातावरून ओळखतो. फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी मारावी असं माझ्याजवळ काही उरलेलं नाही, ते पुढे कळेलच.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास एक आखूड, जाड बोटांचा हात खिडकीतून आत आला. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. नळ दुरुस्त करताना पाना सटकून ते नख चिरलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो, आणि बांधायला रुमाल माझाच होता.

"दोन मोठी, एक लहान," हाताचा मालक म्हणाला.

अकरा वर्षांत हा माणूस या फाटकातून आत आला नव्हता. तो येऊ नये असंच मला वाटायचं, आणि आज तो पाहुण्यासारखा रांगेत उभा राहून आला होता.

"तुला कशाला तिकीट?" मी वाकून म्हणालो.

"फाड रे. मी आता थोडाच इथल्या नोकरीत आहे? नियम म्हणजे नियम."

मी फाडली. एकोणतीस वर्षांत इतकी वाकडी तिकिटं मी कधी फाडली नसतील.

तो कोण, ते सांगायला हवं. हा माणूस बावीस वर्षं इथला रखवालदार होता. फाटकाच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांचं घर त्याला मिळालं होतं. बायको आणि एक मुलगी घेऊन तो तिथेच राहायचा. उंचीला पाच फूट, तेही चप्पल घालून. सकाळी फाटक उघडायचं, पाय धुवायचे नळ चालू आहेत का बघायचं, झोपाळ्यांना तेल द्यायचं, वाळूत रात्रभरात वाहून आलेली काच, खिळे, दोरखंडाचे तुकडे वेचायचे, ही त्याची कामं. तो वरवरचं वेचून थांबत नसे. वाळू बोटांनी चाळून बघायचा. "मुलं अनवाणी पळतात," म्हणायचा, आणि मी कंटाळून जांभई देईपर्यंत चाळत बसायचा.

पण त्याचं खरं काम खांबांचं होतं. आमचा किनारा दोन खडकांच्या मध्ये आहे. पाणी शांत, पण तळाची वाळू रोज जागा बदलते. काल गुडघाभर होतं तिथे आज खड्डा. त्यात भरती-ओहोटी वेगळीच. म्हणून लाल फडकं बांधलेले तीन लाकडी खांब पाण्यात रोवायचे, आणि खांबापलीकडे कोणी जायचं नाही, असा नियम. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास, असे दिवसातून तीनदा ते हलवावे लागायचे. कुठे रोवायचे हे ठरवण्याची त्याची स्वतःची पद्धत होती. तो नगरपालिकेचा खाकी शर्ट घालून, खांब खांद्यावर घेऊन, सावकाश पाण्यात चालत जायचा. पाणी शर्टाच्या तिसऱ्या बटणाला लागलं की थांबायचा. तिथे खांब. मग दहा पावलं बाजूला, पुन्हा तिसरं बटण, दुसरा खांब. मग तिसरा. ओला शर्ट दोरीवर टाकून दुसरा घालायचा. त्याचे तीन शर्ट सतत त्या दोरीवर वाळत असायचे. त्याची बायको वैतागून म्हणायची, "माझा नवरा नोकरी करत नाही, कपडे भिजवतो."

गावातली पोरं त्याला बटणमामा म्हणायची. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट मी एकदा विचारलं, की बाबा रे, एखादी मोजपट्टी का आणत नाहीस, तर म्हणाला, "देवानं मला मोजपट्टी म्हणूनच घडवायला घेतलं होतं. मध्येच त्याचा विचार बदलला." मग जरा गंभीर झाला. "माझ्यापेक्षा बुटका मोठा माणूस या गावात तरी नाही. मला जिथे छातीला लागतं तिथे कोणाचंही नाक पाण्यावरच राहणार. पट्टीला हे कळत नाही."

हे त्यानं मला सांगितलेलं आहे. मला हे माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर मला गप्प करायला उपयोगी पडेल.

आम्ही दोघं दुपारचा डबा सुरूच्या झाडाखालच्या बाकावर खायचो. तो बसला की त्याचे पाय जमिनीला टेकत नसत, आणि माझे गुडघे हनुवटीला लागत. लोक हसायचे. शर्ट दोघांचाही तोच, नगरपालिकेनं दिलेला. बटणंही तीच. शेजारी उभे राहिलो की माझं तिसरं बटण बरोबर त्याच्या हनुवटीला यायचं. तो मुद्दाम हनुवटी टेकवून म्हणायचा, "वरच्या मजल्यावर कोणी आहे का?" इतकी आमची दोस्ती.

तर ती दुपार. कापडाच्या कारखान्यातल्या शिवणकामाच्या बायकांची सहल आली होती, साठेक जणी. वर्षातून एकदा सुट्टी मिळते, त्यात समुद्र. दिवस ऐन उन्हाळ्याचा. सगळ्या एकदम पाण्यात शिरल्या, तेव्हा खांबांच्या आतली जागा कमी पडायला लागली. त्यांची मुकादम खिडकीशी आली आणि माझ्यावरच बरसली. "तिकीट समुद्राचं घेता आणि देता डबकं? आम्ही काय इथे पाय धुवायला आलोय?"

रखवालदार तेव्हा टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे गेला होता. नळांना पाणी येत नव्हतं. दुपारचे खांब रोवूनच गेला होता. त्याची वाट बघायला काय झालं होतं मला? अर्ध्या तासाची तर गोष्ट. पण साठ बायका बघतायत, मुकादम ओरडतेय, आणि मी उंच, धिप्पाड, अंगात खाकी शर्ट. उगाच मोठेपणा करायची खोड. म्हटलं, त्यात काय एवढं. खिडकी बंद केली, पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरलो. मधला खांब उपटला. त्याची पद्धत मला पाठ होती. मी ती अगदी तंतोतंत पाळली. सावकाश चालत गेलो, आणि पाणी तिसऱ्या बटणाला लागलं तिथे खांब रोवला.

माझ्या तिसऱ्या बटणाला.

खरं सांगतो, त्या वेळी मला काहीसुद्धा चुकल्यासारखं वाटलं नाही. तिसरं बटण म्हणजे तिसरं बटण. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात हलवला, नाटकातल्या राजासारखा. शर्ट पिळला आणि खिडकीत येऊन बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल त्या दिवशी भरून वाहत होता, हेच तर वाईट.

वीस मिनिटांत आरडाओरडा झाला. मी बाहेर येऊन बघतो तर तो टेकडीवरून धावत खाली येत होता, हातातला पाना फेकून. एक बाई त्या मधल्या खांबापर्यंत गेली होती. खांबाच्या आतच होती, नियम मोडून नाही. भरती लागली होती, पाणी चढत होतं, तिचा पाय तळाच्या खड्ड्यात गेला आणि ती खाली गेली. त्यानं सूर मारला. तिला केसांना धरून वर काढलं, वाळूवर पालथं घातलं, पाठ दाबली. बाई जगली. फुप्फुसात पाणी गेलं म्हणून तीन आठवडे दवाखान्यात होती, मग घरी गेली, पुढे कामावरही गेली. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, की बाई जगली. जसं काही ती माझ्यामुळे जगली.

तिला गाडीत घालून नेल्यावर तो परत पाण्यात गेला. एकटाच. मधल्या खांबाच्या एक पाऊल अलीकडेच त्याला थांबावं लागलं. पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं. भरती धरूनही ते फार होतं, आणि भरतीचा हिशेब त्याच्याइतका कोणाला ठाऊक? तो खाली स्वतःच्या शर्टाकडे बघत बराच वेळ उभा होता. मी वाळूवर होतो. माझा शर्ट अजून ओला होता. तिथूनच ओरडून सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी मूग गिळून उभा राहिलो.

बायकांनी मला खांब हलवताना पाहिलं होतं, हे खरं. पण त्या सगळ्या दवाखान्याकडे धावल्या, आणि मुकादम कशाला बोलेल? खांब पुढे न्यायला तिनंच लावलं होतं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे साहेब चौकशीला आले. माझ्या खिडकीमागच्या खोलीतच बसले. एका खुर्चीवर साहेब, समोर आम्ही दोघं उभे. साहेब भला माणूस होता. त्यांनी मला विचारलं, "खांब कोण रोवतं?"

मी म्हणालो, "हेच रोवतात, साहेब. रोज."

शब्दाला शब्द खरं होतं. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझंच माप चुकलं. कसं चुकलं ते कळत नाही, पण चुकलं." साहेब म्हणाले, बावीस वर्षांत पहिल्यांदा झालंय, बाई वाचलीय, ताकीद देतो आणि सोडतो. तर हा ऐकेना. म्हणाला, "नको साहेब. माझा अंदाज राहिलेला नाही. मला इथे ठेवू नका. उद्या कोणी मेलं तर?" त्यानं स्वतःच बदली मागून घेतली. पंधरा दिवसांत ते दोन खोल्यांचं घर रिकामं झालं. टेम्पोत सामान चढवायला मी मदत केली. कपाट मी उचललं, कारण मी उंच.

त्यानंतर नगरपालिकेनं लोखंडी खांब पक्के बसवले, त्यांवर फुटांचे आकडे रंगवले. त्याला जुन्या कागदपत्रांच्या खोलीत नेमलं, धूळ झटकायला. तिथूनच तो निवृत्त झाला.

अकरा वर्षं मी काय केलं? गाव लहान, टाळायचं म्हटलं तरी किती टाळणार. बाजारात तो दिसला की मी रस्ता ओलांडायचो. चोराच्या मनात चांदणं. पहिल्या वर्षी वाटायचं, सांगून टाकू. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर विचारेल, वर्षभर काय केलंस? पाचव्या वर्षी तर ते विचारणं पाचपट झालं. माझ्या पोराचं शिक्षण होतं, बायकोचं ऑपरेशन होतं, नोकरीची गरज होती. ही कारणं खरी होती, आणि मला त्यांची अजूनही लाज वाटते. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. कोपऱ्यात जेवलो आणि लवकर निघालो. तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "तब्येतीला जप. फार वाकून बसतोस."

आता त्या रविवारचं पुढे. तिकिटं घेऊन ती तिघं आत गेली. तो, त्याची बायको आणि सहा वर्षांची नात. मी खिडकीतून मान वाकवून बघत होतो. तो सरळ सुरूच्या झाडाखाली गेला आणि आमच्याच त्या बाकावर बसला. समुद्राकडे पाठ करून. सगळं जग इथे समुद्र बघायला येतं, आणि हा माणूस फाटकाकडे तोंड करून बसला.

अर्ध्या तासानं खिडकीशी वहिनी आल्या. त्याच्या बायकोला मी पहिल्यापासून वहिनी म्हणतो.

"भावजी, जरा बाहेर येता का? पोरगी रडून रडून बेजार झालीय. वर्गातली सगळी पोरं इथे येऊन गेली. आजोबांनी जिथे काम केलं ते मलाच दाखवलं नाही म्हणून महिनाभर मागे लागली होती. आता म्हणते पाण्यात जायचं. मला तर समुद्राची पहिल्यापासून भीती. आणि ह्यांचं तुम्हाला माहीतच आहे."

"काय माहीत आहे?"

"म्हणजे तुम्हाला बोलले नाहीत कधी?" त्या खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकून उभ्या राहिल्या. "त्या बाईचं झाल्यापासून ह्यांचा स्वतःवर विश्वासच उरला नाही. गॅस बंद करतात, मग मला बघायला लावतात. आंघोळीचं पाणी मी हात घालून बघायचं. सायकल विकली. पोरीला हात धरून रस्ता ओलांडत नाहीत, तू धर म्हणतात. ही जन्मली तेव्हा नर्स हातात द्यायला आली, तर दोन पावलं मागे सरले. म्हणाले, माझा अंदाज राहिला नाही. सहा वर्षांची झाली, भावजी. बसले असले तर मांडीवर घेतात. उभ्यानं एकदाही उचललेलं नाही."

मी तिकिटांचा गठ्ठा सरळ करत राहिलो.

"म्हणून म्हटलं तुम्हालाच सांगावं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही उंच आहात, तुम्हाला पाणी काय करणार? तुम्ही न्या तिला. तुमच्यासोबत असली तर ते नाही म्हणणार नाहीत."

मला वाटलं होतं, एक नोकरी गेली. तीही गेली नव्हती, नुसती बदलली होती. असं मी स्वतःला अकरा वर्षं समजावत होतो. त्याच्या घरात काय चाललंय हे विचारायची मला हिंमत झाली नव्हती, आणि न विचारल्यामुळे झोप बरी लागायची. आता ते सगळं त्या कठड्यावर येऊन पडलं. मी बागेच्या माळ्याला हाक मारली, खिडकीत बसवलं आणि बाहेर आलो.

तो बाकावरच होता. नात शेजारी वाळूत बसून हुंदके देत होती, नाक वाहत होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. बसायचं धाडस झालं नाही.

"तो खांब मी हलवला होता," मी म्हणालो.

"कुठला खांब?"

"मधला. त्या दिवशीचा. तू टाकीकडे गेला होतास तेव्हा. बायका जागा कमी पडते म्हणून ओरडत होत्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

"किती हलवलास?"

"चार पावलं."

"तुझी चार म्हणजे माझी सहा." हे तो लगेच म्हणाला. मग, "कुठपर्यंत?"

"तिसऱ्या बटणापर्यंत."

"कोणाच्या?"

"माझ्या."

एरवी या उत्तरावर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. तो खाली स्वतःच्या हातांकडे बघायला लागला. मी तयारी केली होती ती शिव्यांची. त्यानं उठून एक ठेवून दिली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि त्याची माझ्यापर्यंत उंची पोचली नसती तर मी वाकलो असतो.

"म्हणजे दुपारी मी रोवला तो बरोबर होता."

"हो."

"नक्की?"

"नक्की. मी उपटला तेव्हा तो जिथे असायला हवा तिथेच होता."

"अकरा वर्षं मी ती दुपार आठवतोय," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, हवापाण्याच्या गप्पा मारतो तसा. "पाय कुठे ठेवला, लाट कशी होती, उन्हात डोळे दिपले होते का? मला वाटायचं, उभ्या उभ्या भोवळ आली असेल आणि मलाच कळलं नसेल. डॉक्टरकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, काही नाही. म्हटलं, ह्यांना सापडत नाही एवढंच. त्या बाईच्या घरी दरवर्षी जातो. ती म्हणते, मला त्या दुपारचं काही आठवतसुद्धा नाही, अहो, आता पुरे. तरी जातो."

वहिनी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी वळलो तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे बघतही नव्हत्या.

"आमच्या मुलीच्या लग्नात जेवून गेलात तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो वहिनी."

एवढंच मला बोलता आलं. माफी मागायला मी तोंड उघडलं होतं, पण त्या वाक्यानंतर माफी हा शब्द फारच स्वस्त वाटला, म्हणून मिटलं. तुम्ही म्हणाल, चूक कोणाच्याही हातून होते. चुकीची लाज मला नाही वाटत. तिची कबुली द्यायला मला अकरा वर्षं लागली नसती. लाज वाटते ती त्या खोलीत उभं राहून "हेच रोवतात" म्हणण्याची.

तो उठला. पँट झटकली. नातीसमोर हात केला आणि म्हणाला, "चल गं. पाण्यात जायचंय ना?" ती रडायची थांबली आणि संशयानं त्याच्याकडे बघायला लागली, कारण हा हात तिच्या ओळखीचा नव्हता. मग तिनं तो धरला. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. आजोबा आणि नात हात धरून ओल्या वाळूपर्यंत चालत गेली. मी आणि वहिनी मागून, एकमेकांपासून अंतर ठेवून. आता सगळं नीट होणार असं मला वाटायला लागलं होतं. अपराधी माणसाला असं फार लवकर वाटतं.

पहिल्या लाटेचा फेस त्याच्या पायांवर आला आणि तो थांबला. नात हात ओढत होती. तो एक पाऊल पुढे टाकायला गेला, आणि पाय जिथल्या तिथे परत ठेवला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग त्यानं तिचा हात सोडला.

"कळलं मला," तो कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. "सगळं कळलं. पण पाय ऐकत नाहीत."

मी पुढे झालो. जुनी खोड, मदतीला धावायची. मी पोरीचा हात धरणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तुम्ही नका."

आवाज चढवला नाही त्यांनी. मी जागच्या जागी उभा राहिलो. वहिनींनी चपला काढून वाळूत टाकल्या. बावीस वर्षं या किनाऱ्यावर संसार करून ज्या बाईनं कधी घोटा भिजवला नव्हता, तिनं कपडे गुडघ्यांच्या वर खोचले, नातीचं मनगट घट्ट पकडलं आणि ती पाण्यात शिरली. दोन पावलांवर जाऊन तिनं मान वळवली. नवऱ्याकडे.

"कुठपर्यंत जाऊ ते सांगा," ती म्हणाली. "मला काही कळत नाही यातलं."

तो डोळे बारीक करून पाण्याकडे बघत राहिला. लाट येते कुठून, फुटते कुठे, परत जाताना वाळू कुठे गढूळ होते. मी त्याला असं बघताना अठरा वर्षं पाहिलं होतं. मग म्हणाला, "डावीकडे सरक. तिथे खड्डा आहे." ती सरकली. "आता सरळ. एक पाऊल. अजून एक. लाट जाऊ दे. अजून एक. बस. तिथेच."

ती तिथेच थांबली. तसूभरही पुढे नाही. पाणी पोरीच्या कमरेला लागत होतं, लाट आली की पोटापर्यंत चढायचं, गेली की उतरायचं. पोरगी खिदळायला लागली. आजीचं मनगट हलवत ती पाण्यावर थापट्या मारत होती, आणि आजी घाबरून दोन्ही डोळे मिटून उभी होती.

तो वळला. मला वाटलं आता तो मला जा म्हणेल, आणि मी जाणार होतो. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं जे त्या घरातली माणसं रोज गॅसजवळ, आंघोळीच्या बादलीजवळ पाहत असतील. जवळपास दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यानं मलाच विचारलं.

"बरोबर आहे ना?"

मी मान डोलावली. त्याला ती पुरली नाही. त्यानं पुन्हा विचारलं.